मागची काच आणि न आलेलं पाणी

रिस्टोरेशनचा एक तरी व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. बहुधा रात्री साडेबाराला, उशीला फोन आडवा टेकवून. पहिल्या दहा सेकंदांत कुठल्याशा गोठ्यातून किंवा झुडपांतून एक जुनी गाडी ओढून बाहेर काढतात. टायर बसलेले, पत्रा सडलेला, सीटमध्ये उंदरांचा संसार. मग बोल्ट सुटतात, वाळूच्या फवाऱ्याने गंज उडतो, प्रायमर, रंग, वरून क्लिअर कोट. शेवटी तीच गाडी उन्हात झळाळत उभी. पडद्याच्या अर्ध्या भागात जुना फोटो, अर्ध्यात नवा. खाली लोकांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो: सॅटिस्फाइंग.

मी या प्रकाराचा जुना प्रेक्षक आहे. म्हणजे झोप घालवून बघणाऱ्यांपैकी. त्यामुळे ‘हे काय फालतू बघत बसता’ असं सांगायला हा लेख लिहीत नाहीये. उलट मला वाटतं की हा आता एक नीट रुळलेला कलाप्रकार आहे. त्याला सुरुवात-मध्य-शेवट आहे, त्याचे संकेत आहेत, त्याचे उस्ताद आहेत. आणि कलाप्रकार म्हटला की त्याची समीक्षाही व्हायला हवी.

माझी कसोटी साधी आहे. कादंबरीकार कसा आहे ते कळायला मी त्याची लग्नं आणि मरणं वाचत नाही, मधली कंटाळवाणी दुपार तो कशी लिहितो ते बघतो. तसं जुन्या गाडीच्या व्हिडिओत मी इंजिन सुरू होण्याची वाट बघत नाही. मागची काच बसवायची वेळ आली की हा माणूस काय करतो, ते बघतो.

काचेचं काम म्हणजे काय

आजच्या गाडीची पुढची-मागची काच पॉलियुरेथेन नावाच्या गोंदाने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. जुन्या गाड्यांत तसं नव्हतं. आपल्याकडची ओळखीची गाडी घ्या: प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून १९६४ पासून बनू लागलेली, १९७४ पासून पद्मिनी झालेली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहराच होऊन बसलेली. तिच्या काळच्या गाड्यांत काच आणि पत्रा यांच्यामध्ये असतं एक जाड रबर. त्याला दोन खाचा. एका खाचेत काचेची कड बसते, दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. सगळा डोलारा त्या रबरावर.

बसवायची रीत अशी. आधी रबर काचेभोवती चढवायचं. मग पत्र्यासाठी असलेल्या खाचेत चहूबाजूंनी एक दोरी घालायची आणि तिची दोन्ही टोकं खालच्या बाजूला मधोमध मोकळी सोडायची. साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस नाही, कारण त्याने रबर फुगतं. काच बाहेरून जागेवर टेकवायची. आता एक माणूस गाडीच्या आत, एक बाहेर. आतला माणूस दोरीचं टोक हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तशी रबराची आतली ओठाळी पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येते. बाहेरचा माणूस त्याच जागी काचेवर तळवा मारत राहतो.

हे झालं बसवणं. सील करणं त्यानंतर. रबर आणि काच, रबर आणि पत्रा, या दोन फटींत ब्यूटिल जातीचं लुकण भरायचं. या लुकणाचा गुण असा की ते कधी वाळून कडक होत नाही. गाडी खड्ड्यातून जाते, उन्हात पत्रा प्रसरतो, रात्री आकसतो. लुकण त्याबरोबर हलतं, म्हणून फट उघडत नाही. बरेच जण त्याऐवजी सिलिकॉन ओढतात. दिसायला छान, पण व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि ते उघड्या पत्र्याला गंज आणतं. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नंतर रंगही नीट धरत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी जुनं रबर काढल्यावर खाली काय निघतं, ते वेगळंच प्रकरण. ऊन आणि ओझोन यांनी रबराला तडे जातात, ताण जास्त असतो तिथे, म्हणजे कोपऱ्यांवर, आधी. खालच्या दोन कोपऱ्यांत पाणी साचतं. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि रबराखाली पत्र्याची कड बिस्किटासारखी भुगा झालेली असते. तिथे लांबी भरून चालत नाही. सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. तोपर्यंत पाणी आतल्या मागच्या फळीखालून सीटमध्ये, सीटखालून डिकीत, डिकीतून स्टेपनीच्या खळग्यात पोचलेलं असतं. गळतीचा नियमच असा की पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे.

कॅमेरा नेमका कुठे हलतो

आता व्हिडिओकडे या. मी पाहिलेल्या बहुतेक व्हिडिओंत इतकं सगळं चाळीस सेकंदांत संपतं. संगीत जरा वर चढतं, हात भराभर हलतात, दोरी सुर्रकन निघते, काच बसते. पुढचा शॉट चाकांचा.

असं का होतं, हे समजण्यासारखं आहे. गंज उडण्याला दृश्य आहे. रंगाच्या फवाऱ्याला दृश्य आहे. इंजिन सुरू होण्याला तर दृश्य आणि आवाज दोन्ही आहेत. मागच्या काचेचं काम उत्तम झालं, तर त्याचा परिणाम काय? पाणी आत आलं नाही. न घडलेल्या गोष्टीचा शॉट कसा घेणार? ही या कलाप्रकाराची खरी मर्यादा आहे. त्याला फक्त घडलेलं दाखवता येतं आणि दुरुस्तीतला मोठा भाग म्हणजे काहीतरी घडू न देणं.

या मर्यादेशी वेगवेगळे लोक वेगवेगळ्या तऱ्हेने वागतात. ‘व्हीलर डीलर्स’ ही ब्रिटिश मालिका आठवते का? २००३ मध्ये सुरू झाली. माइक ब्रुअर जुनी गाडी घासाघीस करून विकत घ्यायचा, उंचापुरा एड चायना ती नीट करायचा, मग ती विकायची. आपल्याकडे डिस्कव्हरीवर लागायची तेव्हा कित्येक मुलांनी पहिल्यांदा गाडीचं पोट आतून पाहिलं ते एड चायनाच्या केशरी हातमोज्यांमागून. तो नट दाखवायचा, तो का अडकला ते सांगायचा, कुठला पान्हा लावायचा ते सांगायचा. २०१७ मध्ये त्याने मालिका सोडली. त्याने जाहीरपणे दिलेलं कारण होतं की निर्मात्यांना गॅरेजमधला तपशील कमी करायचा आहे, कारण तो चित्रित करायला फार खटपट लागते. म्हणजे मालिकेचा आत्मा तोच तिचा खर्चिक भाग ठरला.

पण त्याच मालिकेत एक खोट पहिल्यापासून होती. शेवटी हिशेब मांडला जायचा: गाडी इतक्याला घेतली, सुट्या भागांना इतके, विकली इतक्याला, नफा इतका. त्यात मजुरीचा रकाना नव्हता. एड चायनाने घातलेले तास फुकट धरलेले. दर आठवड्याला जगभरच्या प्रेक्षकांना सांगितलं जात होतं की सुटा भाग विकत घ्यावा लागतो आणि हात मात्र असतातच. रबराची किंमत कळते, ते बसवणाऱ्याची कळत नाही. आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीशी आपण ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ म्हणून वाद घालतो, त्यामागे हाच हिशेब आहे.

दुसऱ्या टोकाला ‘माय मेकॅनिक्स’ हा स्विस माणूस. चेहरा नाही, बोलणं नाही, फक्त हात आणि खाली छोट्या सूचना. तो मुख्यतः जुनी अवजारं, यंत्रं घेतो आणि अशी करतो की कारखान्यातून निघाली तेव्हाही ती इतकी सुंदर नसतील. एखादा स्क्रू खराब असेल तर लेथवर नवा घडवतो. त्याच्या कामापुढे मी हात जोडतो. पण त्याच्या नकलेतून जी लाट आली तिच्यात एक विचित्र गोष्ट रुजली: हात एकटेच असतात. दुसरं माणूस नाही, प्रश्न नाही, ‘थांब जरा’ नाही. आणि या लाटेच्या तळाशी तर बनावट रिस्टोरेशनही आहे. धडधाकट वस्तूला चिखल-गंज फासायचा आणि मग तो धुऊन काढायचा. ‘आधी-नंतर’ एवढंच विकायचं असेल, तर ‘आधी’सुद्धा बनवता येतं.

दोघांचं काम

एकट्या हातांनी मागची काच बसत नाही, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ओळखीतल्या एका काकांच्या ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनीची काच पुण्यात एका छोट्या गॅरेजमध्ये बसवली जात होती आणि बाहेरून तळवे लावायला माणूस कमी होता. मिस्त्री गाडीत, दोरी त्याच्या हातात. मी डिकीवर ओणवा.

“दादा, दाबू नका. थापटा.”

“म्हणजे?”

“पोळपाटावर भाकरी थापतात तसं. मी कुठं आहे ते बघा आणि तिथंच थापटा. पुढं पळू नका.”

काचेपलीकडे त्याचं बोट दिसायचं. बोट सरकलं की माझा तळवा सरकायचा. कोपऱ्यावर तो थांबला, ‘हां, आता जरा दम धरा’ म्हणाला, रबर बोटाने चाचपलं, चार इंच मागे जाऊन पुन्हा ओढलं. दोरी निघायला जेमतेम वीस मिनिटं लागली असतील. त्याआधी चार तास आम्ही खालच्या कोपऱ्यातला पत्रा बघत बसलो होतो. कधीकाळी कुठल्यातरी गॅरेजने तिथे सिलिकॉन भरलं होतं आणि त्याच्या मागे पत्रा निवांत सडला होता.

मग पाण्याची परीक्षा. मला वाटलं, वरून बादली ओतायची. मिस्त्रीने नळी घेतली आणि खालच्या कडेपासून सुरुवात केली. मी आत टॉर्च घेऊन. खालून वर, हळूहळू. कारण वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. खालून वर गेलं, की पहिला थेंब दिसला त्याच उंचीवर फट. ही रीत त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. पण तर्क कुठल्याही प्रयोगशाळेत मान्य व्हावा असा: एका वेळी एकच गोष्ट बदला.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘द टॅसिट डायमेन्शन’. माणसाला जे सांगता येतं त्याहून जास्त कळत असतं, हा त्याचा गाभा. ‘थापटा, दाबू नका’ हा त्या न सांगता येणाऱ्या ज्ञानाचा सांगता आलेला तुकडा होता. तो संवादातून आला, कारण समोर अडाणी मी होतो. एकट्या, मुक्या हातांच्या व्हिडिओत असा तुकडा यायला जागाच नाही.

जीर्णोद्धार आणि शाकारणी

रिस्टोरेशन म्हणजे मराठीत काय? पहिला शब्द सुचतो जीर्णोद्धार. आणि तो शब्द आपल्याकडे कसा जगतो ते आपण बघतोच. जुन्या दगडी देवळाला ऑइल पेंट, सभामंडपाला चकाकती फरशी, शिखराला नवा रंग, आणि दारावर देणगीदारांची पाटी. ‘आधी-नंतर’चा फोटो झकास येतो.

युरोपात हा वाद एकोणिसाव्या शतकात कडाडून झाला. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक म्हणत होता की वास्तू पुन्हा उभी करायची म्हणजे तिला अशा पूर्णत्वाला न्यायचं, जे कदाचित प्रत्यक्षात कधी नव्हतंच. पॅरिसच्या नोत्र दामचा २०१९ च्या आगीत कोसळलेला उंच मनोरा त्याचाच. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ मध्ये नेमकं उलट लिहिलं. त्याच्या मते असं पुनरुज्जीवन म्हणजे वास्तूचा नाशच. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिच्या जाहीरनाम्यात मॉरिसने भव्य काही सांगितलेलं नाही. रोजची निगा राखा, एवढंच. आणि त्यासाठी दिलेल्या उदाहरणांत एक आहे गळक्या छपराची दुरुस्ती.

हे वाचलं तेव्हा मला कोकणातली घरं आठवली. आपल्याकडे यासाठी वेगळा, जुना, घरगुती शब्द आहेच: शाकारणी. मे महिना संपत आला की घर शाकारायचं. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रीप बघायची, पुन्हा रचायची. त्यात काही नवं उभं राहत नाही. घर कालच्यासारखंच दिसतं. कुणी उद्घाटन करत नाही. फक्त पावसाळ्यात अंथरूण कोरडं राहतं. आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा वर चढायचं.

मागच्या काचेचं सील ही गाडीची शाकारणी आहे. आणि आपले व्हिडिओ जीर्णोद्धाराचे आहेत. माझी तक्रार एवढीच.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा केवढे हळवे लेख आले. बाहेर लटकणारा मीटर, आतलं रंगीबेरंगी छत, सिनेमातली दृश्यं. ही शेवटची गाडी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. पण वीस वर्षं म्हणजे वीस पावसाळे. जून ते सप्टेंबर २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या शहरात, रात्री रस्त्याच्या कडेला उभी राहणारी, रबरावर काच धरून बसलेली गाडी वीस वर्षं टिकली ती आपोआप नाही. कुणीतरी दर मे महिन्यात रबर चाचपलं, कुर्ल्याच्या भंगारातून जुनं पण धड रबर शोधलं, लुकण पुन्हा भरलं. त्या हळव्या लेखांत मीटर होता, हे हात नव्हते. आपल्याला वस्तूची आठवण येते, निगेची येत नाही.

तुमच्या हातातली मागची काच

आता ज्या वस्तूवर तुम्ही हे वाचताय ती उलटी करा. तिलाही मागची काच आहे. तीही सील केलेली आहे, बहुधा गोंदाने. त्यावर आयपी ६८ असा शिक्का असेल. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. पण हा कायमचा दागिना नव्हे. वापराने सील झिजतं, हे कंपन्या स्वतःच बारीक अक्षरांत लिहितात. आणि दुकानात एकदा मागची काच उघडली, की नवा गोंद कुणी किती निगुतीने लावला यावर सगळं. पाणी गेलं की नाही हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डिकीसारखंच.

गोंदाचे फायदे खरे आहेत. गाडीत चिकटवलेली काच सांगाड्याला मजबुती देते, अपघातात जागेवर राहते. रबराची पद्धत परत आणा असं म्हणणं म्हणजे निव्वळ हळवेपणा. पण रबरावर बसवलेली काच एक गोष्ट गृहीत धरत होती: ही कधीतरी कुणीतरी काढणार आहे. दोरी, साबण आणि दोन माणसं एवढ्यात ती निघावी आणि बसावी, असा तिचा आराखडाच होता. गोंदाने चिकटवलेली वस्तू असं काही गृहीत धरत नाही. हा फरक ज्या पिढीच्या खिशात आहे, त्या पिढीने रिस्टोरेशनचे व्हिडिओ इतके आवडीने बघावेत, यात मला नवल वाटत नाही. जे उघडण्याची आपल्याला सोय नाही, ते दुसऱ्याने उघडलेलं आपण बघतो.

म्हणून या कलाप्रकाराकडून मला जास्त हवं आहे. ते अशक्यही नाही. ‘प्रोजेक्ट बिंकी’ नावाची एक इंग्रजी मालिका आहे. दोन मित्र २०१३ पासून एका जुन्या मिनीत टोयोटा सेलिकाचं इंजिन आणि चारही चाकांना फिरवणारी यंत्रणा बसवत राहिले, वर्षानुवर्षं. एकेका कंसासाठी ते पुठ्ठ्याचा नमुना कापतात, तो चुकतो, पुन्हा कापतात, एकमेकांची टर उडवतात. काम लांबतं आणि लांबलेलं दिसतं. तरी लोक बघतात. जॉन हेन्सने १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटवर पहिली हेन्स पुस्तिका काढली, तिचा पायाही हाच होता: गाडी आधी स्वतः पूर्ण खोला, खोलताना फोटो काढा, मग लिहा. तपशील कंटाळवाणा असतो, हे निर्मात्यांचं गृहीतक आहे. प्रेक्षकांनी ते सिद्ध केलेलं नाही.

तेव्हा पुढचा व्हिडिओ बघताना काचेपाशी थांबा. रबराखालचा पत्रा दाखवला का? बाहेर थापटणारा दुसरा माणूस चौकटीत आहे, की कापून टाकलाय? त्याचे पैसे हिशेबात आहेत? नळी खालून वर गेली का, की पॉलिशच्या कापडावरच गोष्ट संपली?

आणि एखाद्या मराठी चॅनलवाल्याने हे वाचलंच, तर त्याला एक विषय सुचवतो. गाडी पूर्ण झाली, लाइक मिळाले, सगळे पुढच्या गाडीकडे वळले, की एक पावसाळा जाऊ द्यावा. मग ऑक्टोबरमध्ये दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकावा. संगीत नको. डिकी उघडायची, गालिचा उचलायचा, स्टेपनी बाजूला करायची आणि खळग्यात सगळीकडून हात फिरवून तळवा कॅमेऱ्यासमोर धरायचा. कोरडा असला, तर तो मी सगळ्यात आधी शेअर करीन.